द्राक्षबागाईतदार एकत्र कसे आले

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या गावी अलीकडे 'शेतकरी गट', 'उत्पादक कंपनी' असे फलक लागलेले दिसतात. २०२० साली केंद्र सरकारने देशभर १०,००० शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना हाती घेतली, तेव्हापासून असे फलक अधिकच वाढले. रविवारी मिस्सा सुटल्यावर देवळाच्या अंगणात जी चार माणसे उभी राहून बोलतात, त्यांत 'या गटात नाव घालावे काय?' हा प्रश्न एकदा तरी निघतोच. कोणी म्हणतो, सोसायटीचे जे झाले तेच याचे होईल. कोणी म्हणतो, नाव घालून जाते काय? हे दोन्ही विचार आम्हांस अपुरे वाटतात. गट ही वस्तू कशी जन्मते, कशाने वाढते आणि कोठे अडखळते, हे एखाद्या खऱ्या उदाहरणावरून पाहिले तर उत्तर देणे सोपे जाईल. म्हणून आज आम्ही महाराष्ट्रातील द्राक्षबागाईतदारांची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. अथणी व विजापूरकडील आमच्या वाचकांस या पिकाची ओळख आहेच. इतरांनी ती करून घेण्यास हरकत नाही.

द्राक्ष हे एकट्याने घेण्याचे पीक नव्हे. ज्वारी पेरली, पाऊस आला, की पुष्कळसे काम निसर्गावर सोपविता येते. द्राक्षाचे तसे नाही. ही वेल थंड मुलखातील. तेथे हिवाळ्यात तिची पाने झडतात आणि ती विश्रांती घेते. आपल्याकडे तिला विश्रांती नाही, म्हणून तिच्यावर वर्षातून दोनदा कात्री चालवावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तीत पुढील वर्षाची काडी तयार व्हावयाची. आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, तीत फळ धरावयाचे. या दोन छाटण्यांच्या दरम्यान काडीच्या डोळ्यांत घड धरला की नाही, फुटवे किती ठेवावेत, संजीवकात घड केव्हा बुडवावेत, विरळणी किती करावी, हे सारे निर्णय ठरावीक दिवसांत घ्यावे लागतात. ढगाळ हवेचे दोन दिवस आले तर केवडा पाने व घड खाऊन टाकतो. थंडी पडली तर भुरी येते. एकरी खर्च लाखांच्या घरात जातो. अशा पिकात चूक करून शिकावयाचे म्हटले तर शिकता शिकता शेत गहाण पडते. दुसऱ्याच्या बागेत जाऊन शिकणे हाच स्वस्त मार्ग राहतो.

महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघाचा उगम या गरजेतच आहे. १९६० च्या सुमारास तो स्थापन झाला. त्या काळी बागा थोड्या होत्या. भोकरीसारख्या जुन्या जाती होत्या. हैदराबादकडून आलेली अनाबेशाही मोठ्या मण्यांमुळे लोकांस आवडू लागली होती. आणि बिनबियांचे थॉमसन सीडलेस पुढे पसरले, ते फुगवावे कसे, टिकवावे कसे, याची विद्या कोणाजवळही पुरी नव्हती. संघाची आजची रचना नाशिक, पुणे, सोलापूर व सांगली अशा विभागांची आहे. 'द्राक्षवृत्त' नावाचे त्याचे मासिक निघते, आणि दरवर्षी गोडी छाटणीच्या आधी मोठे अधिवेशन भरते. अधिवेशनाची ही वेळ आम्हांस फार शहाणपणाची वाटते. कात्री हातात घेण्यापूर्वी गेल्या हंगामाचा हिशेब झालेला बरा, हे ज्यांनी ठरविले ते नक्कीच बागेत काम करणारे असावेत. कचेरीत बसणाऱ्यास ही गोष्ट सुचली नसती.

या मंडळींनी एकमेकांस केवळ सल्ला दिला असे नाही. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात बोरगाव हे गाव आहे. तेथील वसंतराव आर्वे यांनी आपल्या थॉमसनच्या बागेतून निराळ्या गुणाची वेल निवडून काढली. तिचे नाव 'तास-ए-गणेश'. त्यातील 'तास' हे तासगावचे, 'ए' हे आर्वे यांचे आणि 'गणेश' हे देवाचे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी अशाच निवडीतून लांब मण्यांची 'सोनाका' आणि काळ्या द्राक्षांत 'शरद सीडलेस' या जाती पुढे आणल्या. हे दोघेही स्वतः बागाईतदार. शेकडो वेलींत एका वेलीची फांदी वेगळी दिसते, हे रोज बागेत फिरणाऱ्याच्याच डोळ्यांस दिसणार. पण केवळ दिसून उपयोग नव्हता. ती काडी या बागेतून त्या बागेत, या तालुक्यातून त्या तालुक्यात गेली, प्रत्येकाने आपल्या जमिनीत ती लावून पाहिली आणि काय आले ते दुसऱ्यास सांगितले, म्हणून ती 'जात' झाली. नाहीतर एका बांधाआड उगवून तेथेच संपली असती.

बाहेरच्या वाचकांस प्रश्न पडेल, की हे लोक एकमेकांस सांगतात तरी कसे? प्रत्येकाची जमीन निराळी, पाणी निराळे, छाटणीची तारीख निराळी. येथे द्राक्षवाल्यांनी आपली एक भाषा तयार केली आहे, आणि ती आम्हांस फार नामी वाटते. ते तारीख सांगत नाहीत; छाटणीपासूनचा दिवस सांगतात. 'तुमची बाग किती दिवसांची?' असे विचारले की 'पस्तीस दिवसांची' असे उत्तर येते, जणू पाळण्यातल्या मुलाचे वय विचारावे. ज्याची छाटणी आठ दिवस आधी झाली त्याच्या बागेत आपण आपले पुढील आठ दिवस पाहू शकतो. त्याने संजीवकाची किती मात्रा दिली, त्याचा देठ ताठरला काय, घड जिरले काय, हे डोळ्यांनी पाहून मग घरी जावयाचे आणि आपल्या बागेत हात घालावयाचा. दहा-पंधरा जणांनी मिळून एकेका दिवशी एकेकाच्या बागेत जाण्याची ही जी शिवारफेरी, तीच साऱ्या गटाचे हृदय होय. तेथे व्याख्यान नसते. एखादा जाणता माणूस पान उलटे करून दाखवितो, दुसरा म्हणतो माझ्याकडे असेच झाले होते, तिसरा मान हलवितो. आणि ज्याची बाग बिघडली आहे त्याच्या बागेतही जातात, हे विशेष. बिघडलेली बाग दहा जणांस दाखविण्यास मनाचा मोठेपणा लागतो. पण तीच बाग सर्वांत अधिक शिकविते. ज्या गटात केवळ चांगल्या बागांचेच दर्शन घडते तो गट नव्हे, प्रदर्शन होय.

पाणी खारावले आणि दुष्काळ वरचेवर पडू लागला, तेव्हा आपल्या मुळांवरच्या वेली मागे पडू लागल्या. मग 'डॉगरीज' हा अमेरिकेतून आलेला जंगली खुंट लावून त्यावर थॉमसनचे वा तिच्या निवडींचे कलम करण्याची रीत पसरली. हा बदल खर्चाचा होता, फळ दिसावयास वेळ लागणार होता. एकाने एका कोपऱ्यात लावून पाहावे, बाकीच्यांनी पाहत राहावे, आणि मग पाऊल टाकावे, हाच त्याचा क्रम झाला. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले तेव्हा त्याच्या शास्त्रज्ञांस प्रश्न विचारावयास आणि त्यांची उत्तरे शेतात तपासून पाहावयास बागाईतदारांची संघटना आधीपासून उभी होती. शास्त्रज्ञ एक आणि शेतकरी हजारो असले, की मधे असे काहीतरी लागतेच.

आता विक्रीची गोष्ट. पिकविण्यात एक होणे सोपे, विकण्यात एक होणे अवघड. व्यापारी बागेत येतो, तोंडी भाव ठरवितो, माल भरून नेतो आणि कधी कधी पैसे न देताच नाहीसा होतो. हे दुःख द्राक्षाच्या गावांत नवे नाही. १९९१ साली द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून 'महाग्रेप्स' ही भागीदारी संस्था उभी केली. राज्याच्या कृषी पणन मंडळाचे तिला साह्य होते. हेतू हा, की युरोपच्या बाजारात स्वतः माल न्यावा. आरंभीचे अनुभव कडू होते. नाजूक फळ बोटीने तीन आठवड्यांचा प्रवास करून जावयाचे. पेट्या उघडल्या तर मणी गळालेले, देठ वाळलेले. माल नाकारला गेला. अनेक संस्था तोटा सोसून बाहेर पडल्या. ज्या राहिल्या त्यांनी पहाटेच्या गारव्यात तोडणी, तोडल्यावर काही तासांतच फळातील उष्णता काढून घेणारे प्रीकूलिंग, शून्य अंशाच्या जवळ साठवण, पेटीत गंधकाच्या धुराचा कागद, या साऱ्याची शिस्त लावून घेतली. एका शेतकऱ्यास शीतगृह बांधता येत नाही. शंभर जणांस ते बांधता येते. परंतु त्या शंभर जणांनी एकाच मापाचा, एकाच गोडीचा माल आणला तरच ते चालते. म्हणजे संस्थेने बाजार दिला, आणि त्या बदल्यात शेतकऱ्याच्या सवयी मागितल्या.

ही मागणी किती कठोर असते हे पुढे कळले. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेहून अधिक सापडले. मग 'अपेडा' या सरकारी संस्थेने अंश-तपासणीची पद्धत घातली. २००६ साली 'ग्रेपनेट' सुरू झाले. निर्यातीची प्रत्येक बाग नोंदवावयाची, तिच्या मालाचा नमुना प्रयोगशाळेत जावयाचा, आणि परदेशातील पेटीवरून ती कोणाच्या बागेतील हे सांगता यावयाचे. पुष्कळांनी कुरकुर केली. फवारणीची वही लिहावयाची म्हणजे शाळेत परत जाण्यासारखे, असे वाटणारेही होते. तरीही २०१० साली संकट आलेच. वेलीची वाढ आवरण्यासाठी बागाईतदार वर्षानुवर्षे 'क्लोरमेक्वाट' हे द्रव्य वापरीत आले होते. त्याचा अंश त्या वर्षी युरोपातील तपासणीत निघाला आणि निघालेला माल वाटेत, बंदरात अडकला. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरातील फयान वादळाच्या पावसाने बागा आधीच केवड्याने पोळल्या होत्या. त्यावर हा आघात. निर्यातदार बुडाले, शेतकऱ्यांचे पैसे थकले.

ज्याने ते द्रव्य मुळीच वापरले नव्हते त्याचाही भाव पडला, ही त्या वर्षाची खरी गोष्ट. परदेशातील गिऱ्हाईक नाशिकच्या एका बागेस ओळखत नाही. तो 'भारतीय द्राक्ष' ओळखतो. शेजाऱ्याच्या पंपात काय आहे हा आपला विषय नाही, असे आता कोणास म्हणता येत नाही. आमच्या मते गटाचे सर्वांत अवघड काम हेच आहे. खत एकत्र आणणे, ट्रक एकत्र भरणे सोपे. पण 'तू काय फवारलेस ते दाखव' असे भावकीतील माणसास विचारणे, आणि विचारल्यावर त्याने राग न धरणे, यास वर्षे लागतात.

त्याच आघातातून नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे एक मोठी संस्था उभी राहिली. विलास शिंदे यांनी २००४ च्या सुमारास काही शेतकऱ्यांसह द्राक्ष निर्यात सुरू केली होती. २०१० च्या तोट्यानंतर त्यांनी आणि सोबत्यांनी ती शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी म्हणून बांधली. आज 'सह्याद्री फार्म्स' हे नाव टोमॅटो आणि इतर फळभाज्यांतही मोठे आहे, आणि २०२२ साली तिच्या एका उपकंपनीत युरोपातील गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. हे यश लहान नव्हे. तथापि एवढा पैसा बाहेरून आल्यावर निर्णयाची दोरी बागेत फिरणाऱ्याच्या हाती किती राहील, हा प्रश्न आम्ही मनात ठेवतो. संस्था वाढली की तिला वकील, हिशेबनीस, व्यवस्थापक लागतात. ते नसावेत असे नाही. त्यांना कामावर ठेवणारा शेतकरी मात्र जागा असावयास हवा.

हेच प्रश्न फार दूरच्या मुलखातही आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियात कमी पावसाच्या गव्हाच्या प्रदेशात एकेक शेतकरी हजारो हेक्टर जमीन कसतो, आणि शेजारी कित्येक मैलांवर राहतो. तेथे सरकारी सल्लागार कमी झाले तसे शेतकऱ्यांनी आपले गट काढले. डालवालिनू गावचा 'लीबे ग्रूप' १९९७ साली निघाला. त्याचे मुख्य प्रयोगक्षेत्र दरवर्षी निराळ्या सभासदाच्या शेतात असते, म्हणजे एकाच प्रकारच्या जमिनीचे उत्तर सर्वांच्या माथी मारले जात नाही. कोणता प्रयोग करावयाचा हे शेतकरी ठरवितात, आणि संशोधक व बियाणे कंपन्या त्यांच्या दारी येतात. असे गट अनेक झाल्यावर २००२ साली त्यांचे मिळून एक जाळे, 'ग्रोअर ग्रूप अलायन्स', उभे राहिले. एका गटाने केलेला प्रयोग दुसऱ्याने नकळत पुन्हा करू नये, लहान गटास अनुदानाचा अर्ज लिहावयास मदत मिळावी, शास्त्रज्ञांस एकाच दारी साऱ्या गटांचा पत्ता लागावा, असे त्याचे साधे काम. जाळे गटांवर हुकूम चालवीत नाही. आणि यामुळेच ते टिकले असावे.

गोव्यातील आमचे वाचक म्हणतील, यात नवे ते काय? गावकरी आणि खाजन शेती आमचीच. खाऱ्या पाण्याचा बांध हा एकट्याचा कधीच नव्हता. तो फुटला तर साऱ्या खाजनाचे भात जाते. मानशीतील मासळीचा लिलाव व्हावा आणि बांधाची डागडुजी व्हावी, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. खानदेशात पांझरा नदीकाठची फड पद्धतही अशीच. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे आणि पाटकऱ्याने पाणी वाटावयाचे. हे खरेच आहे. परंतु खाजनाचे बांध आज किती ठिकाणी फुटून पडले आहेत आणि शेतांत खारे पाणी शिरले आहे, तेही आपण पाहतो. जुनी रीत होती म्हणून ती आपोआप चालत राहत नाही. मासळीचा पैसा गोड लागला आणि बांधाची माती जड वाटू लागली, की मानस उघडी राहते आणि भात जाते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. नाशिककडील बागांत विरळणी, डिपिंग, तोडणी ही नाजूक कामे करणारे मजूर पुष्कळसे पेठ-सुरगाण्याकडील आदिवासी पाड्यांवरून येतात. त्यांत स्त्रिया फार. घडातील कोणता मणी काढावा आणि कोणता ठेवावा, हे त्यांच्या बोटांस जितके कळते तितके मालकासही कळत नाही. फवारलेल्या पानांत दिवसभर हात घालणाऱ्याही त्याच. पण शिवारफेरीत त्या दिसत नाहीत, अधिवेशनात दिसत नाहीत, उत्पादक कंपनीच्या भागधारकांतही नाहीत, कारण सातबारा त्यांच्या नावे नाही. घरच्या बायकांची गोष्ट फार निराळी नाही. बाग त्या सांभाळतात आणि सभेस नवरा जातो. 'शेतकऱ्यांनी चालविलेला गट' असे म्हणताना शेतकरी कोणास म्हणावयाचे, याचा विचार द्राक्षवाल्यांनी अजून पुरा केलेला नाही.

आता आपल्या गावच्या फलकाकडे वळू. कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने किमान १० उत्पादकांस मिळून उत्पादक कंपनी काढता येते. भाग कोणाचे कितीही असोत, प्रत्येक सभासदास मत एकच. २०२० च्या योजनेत सपाट प्रदेशात किमान ३०० सभासद लागतात आणि व्यवस्थापनाच्या खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. ही मदत वाईट नव्हे. परंतु तीन वर्षांनी ती संपते, आणि पुष्कळ फलक त्याच सुमारास गंजू लागतात. म्हणून नाव घालण्यापूर्वी पहिली सभा कोणी बोलावली ते विचारावे. बाहेरच्या कोणी अनुदानासाठी ३०० आधार कार्डे गोळा केली असतील तर थांबावे. हे लोक अनुदान येण्यापूर्वीही एकमेकांच्या शेतात जात होते काय, हे पाहावे. हिशेब सभेत वाचला जातो काय, आणि वाचला तर मागच्या रांगेतील माणसास प्रश्न विचारता येतो काय, याचीही चौकशी करावी. व्यापाऱ्याने दोन रुपये जास्त देऊ केले तेव्हा गटाशी ठरलेला माल कितीजणांनी बाहेर विकला, हा प्रश्न थोडा आडून विचारावा. उत्तर देताना लोक लाजतात.

ज्यांच्या गावी फलक नाही त्यांनी तो लावण्याची घाई करू नये. दहा घरांनी एका पिकाची एकच वही ठेवावी: कोणी केव्हा पेरले, काय घातले, किती खर्च आला, किती निघाले. महिन्यातून एकदा एकाच्या शेतात जावे, आणि त्या वेळी घरची बाईमाणसेही सोबत असावीत. खत किंवा बियाणे एकदा एकत्र आणून पाहावे आणि त्याचा हिशेब पै न पै सर्वांसमोर मांडावा. एक-दोन हंगाम हे जमले तर कंपनीची नोंदणी हे पंधरा दिवसांचे काम आहे.

अथणीकडील काही कुटुंबांत द्राक्ष व बेदाण्याचा व्यवसाय आहे. त्यांनी गटाने बेदाणा तयार केल्याचा वा विकल्याचा आपला अनुभव, बरा असो वा वाईट, लिहून पाठविल्यास पुढील एखाद्या अंकी त्यास आम्ही आनंदाने जागा देऊ.